कडेचा हायड्रोजन

तिसऱ्याच उत्तरपत्रिकेत मला माझा फास दिसला. चार कार्बन एका ओळीत, दुसऱ्या कार्बनच्या डोक्यावर ब्रोमीन, आणि तो ब्रोमीन व कडेच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन अशा दोघांभोवती मिळून काढलेलं वेटोळं, त्याचं शेपूट खाली ओढून घट्ट केलेलं. पुस्तकात या जागी ठिपक्यांची चौकट असते. फास कुठल्याच पुस्तकात नाही. हार करताना झेंडूच्या दोन देठांवर दोरा टाकून ओढतात तसा तो आहे, आणि तो माझा आहे. एकोणनव्वद साली मखमलाबादला आमच्या फुलांच्या शेडमध्ये बसून मी तो पहिल्यांदा काढला. फासापुढे बाण, बाणापुढे उत्तर, वन-ब्युटीन. चूक. साफ चूक. शाळेच्या त्या हॉलमध्ये एप्रिलचा उकाडा होता, वर सहा पंखे नुसतेच गरगरत होते, चाळीस परीक्षक मान खाली घालून बारावीचे रसायनशास्त्राचे पेपर तपासत होते, आणि मुख्य मॉडरेटर म्हणून व्यासपीठावर बसलेली मी, आशा विधाते, कुणा अनोळखी पोराच्या चुकीकडे बघून मनातल्या मनात हसत होते. दोन मार्कांचा प्रश्न होता. परीक्षकानं दिलेल्या शून्यावर मी बरोबरची खूण केली. माझा जीव थंड झाला.

रसायनशास्त्रापासून वेळीच पळ काढलेल्यांसाठी सांगते. ब्रोमीन लटकलेली कार्बनची साखळी अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवली की ब्रोमीन सुटून जातो. पण तो एकटा जात नाही, शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजनही जातो, आणि असे लुटले गेलेले दोन कार्बन मग एकमेकांना दुहेरी बंधानं धरून बसतात. याला एलिमिनेशन म्हणतात. आता ब्रोमीनला शेजारी दोन, तर हायड्रोजन जाणार कुणाचा? कडेच्या कार्बनकडे तीन आहेत, आतल्याकडे दोनच. कुणालाही वाटेल, तीनवाल्याचा जाईल. नाही. ज्याच्याकडे आधीच कमी, त्याच्याच हातचा जातो. वर्गात मी सांगते, दुष्काळात तेरावा महिना, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हा नियम विसरत नाहीत. म्हणजे मुख्यतः टू-ब्युटीन तयार होतं, वन-ब्युटीन होतं ते तोंडी लावण्यापुरतं. हे मला एकोणनव्वद सालीही येत होतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग कमरेपर्यंत, माझी आई नवसाबाई हातानं हार गुंफतेय आणि तोंडानं चार माणसांना कामाला लावतेय, आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन मी, नोट्सची मधली राहिलेली पानं उरकत, एक पान लिहायचं, दोन हार करायचे, परत एक पान. आम्हा माळ्यांच्या पोरींना लहानपणापासून शिकवतात, ढिगातलं फूल कडेनं उचलायचं. मधलं उपसलं की ढीग बसतो आणि खालची फुलं चेंगरतात. मी हायड्रोजनही कडेनं उचलला. हात ज्या सवयीनं चालत होता त्याच सवयीनं फास पडला आणि मी ओढला. "आशे, लिव्हणं राहू दे, टेम्पो उभा हाय नाक्यावर," आई म्हणाली. मी पान एकसष्ट उलटून ठेवलं आणि हारांच्या टोपल्या उचलायला गेले.

त्या नोट्स जीवन सरांच्या क्लाससाठी होत्या. तेव्हा ते सर नव्हते, आम्ही दोघंही एकाच कॉलेजात तासावर शिकवणारे. कॉलेज रोडला एका दुकानावरची खोली त्यानं बघून ठेवली होती. "क्लास दोघांचा, मॅडम. बोलायचं मी, लिहायचं तुम्ही," असं तो म्हणाला आणि मी हुरळून गेले. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मी दोनशे बारा पानं लिहिली, सगळं सेंद्रिय रसायन, एकेक अभिक्रिया स्वतः सोडवून, कुठल्या पोराचा पाय कुठे घसरतो ते ओळखून. दसऱ्यानंतर चार दिवसांनी वर्गात फळ्यावर तीच अभिक्रिया लिहिताना माझा खडू थांबला. घरी जाऊन मी एकसष्टावं पान नव्यानं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन खोलीवर गेले. जिन्यात नवी पाटी होती, जीवन क्लासेस. आत माझ्या अक्षरातल्या नोट्स जशाच्या तशा छापून, शिवून, थप्प्या लावून ठेवलेल्या, आणि कव्हरवर त्याचं नाव. "पालक बाईकडे केमिस्ट्रीला पोरं पाठवत नाहीत हो, तुम्ही समजून घ्या," तो म्हणाला. मी समजून घेतलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या नोट्सवर तुमचं नाव कसं? त्यानं हातातली बशी सावकाश खाली ठेवली. "मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. अक्षर सुंदर आहे त्यांचं, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलं." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, अक्षर खरंच छान आहे हो मॅडमचं. एवढ्यावर विषय मिटला. चोर तो चोर, वर शिरजोर. पुढे कॉलेजातली प्रमाणपत्रं, मानपत्रं, गॅदरिंगच्या पाट्या, सगळं लिहायला माझ्याकडे येऊ लागलं आणि मी ते निमूट लिहीत गेले. दुरुस्त केलेलं पान त्या दिवशी माझ्या पर्समध्येच होतं. ते मी घरी आणून पाणी तापवायच्या बंबात घातलं.

बदला घ्यायचा हे बंबासमोर बसल्या बसल्या ठरलं. मला भांडायचं नव्हतं, कोर्टात जायचं नव्हतं, चारचौघांत रडायचं तर मुळीच नव्हतं. एलिमिनेशनच्याही दोन तऱ्हा असतात. एकीत तोडणं आणि जोडणं एका दमात उरकतं. दुसरीत आधी ब्रोमीन निघून जातो, कार्बन उघडा पडतो, आणि त्या अवस्थेतच थांबतो. हायड्रोजन जायचा तेव्हा जातो. माझी तऱ्हा दुसरी. मी लग्न केलं नाही त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण लोक जोडतात, जोडू देत. दर वर्षी जूनमध्ये त्याच्या क्लासची जाहिरात वर्तमानपत्रात यायची, गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो आणि मध्ये हा, आणि दर वर्षी मी त्याच्याकडे जाणाऱ्या एखाद्या मुलीला थांबवून म्हणायची, बघू गं तुझ्या नोट्स. पान एकसष्ट उघडायचं. चूक जागेवर असायची. तिच्यावर माझं प्रेमच बसलं होतं म्हणा ना. त्या दोनशे बारा पानांतलं बाकी सगळं कुणाचंही असू शकलं असतं, बरोबर गोष्टीवर कुणाची मालकी नसते. पण ही चूक माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नव्हती. आणि त्याला ती सापडत नव्हती याचा अर्थ त्यानं त्या नोट्स कधी धड वाचल्याच नव्हत्या. मी ताकास तूर लागू दिली नाही. त्र्याण्णव साली मला पंचवटीतल्या कॉलेजात कायमची जागा मिळाली, तिथे त्याच्या क्लासची पोरं येत नसत, आणि पान उघडून बघणंही सुटलं. खात्री होती, चूक कुठे जातेय.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर बोर्डाचं गोपनीय पत्र आलं. बारावीचा पेपर काढणाऱ्यांत माझं नाव होतं. आम्हा काही जणांकडून वेगवेगळे संच मागवले होते, छापायला त्यातला एकच जाणार होता, आणि कुणाचा, ते परीक्षेच्या दिवसापर्यंत आम्हालाही कळणार नव्हतं. मी माझ्या संचात प्रश्न तीन ब लिहिला: दोन-ब्रोमोब्युटेन अल्कोहोली पोटॅशबरोबर तापवल्यास मुख्य उत्पादित कोणते? अभ्यासक्रमातलाच प्रश्न, कुणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश तेव्हा बारावीच्याच मार्कांवर होत. एकेका मार्कावर शंभर पोरं मागे-पुढे व्हायची, दोन मार्क म्हणजे मेडिकलचं दारच. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. त्याची सगळी हुशार पोरं दोन मार्कांनी खाली येतील, जूनमध्ये जाहिरातीला फोटो मिळणार नाहीत, पालक विचारत येतील की नोट्समध्येच चूक कशी, आणि तेव्हा त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की या नोट्स माझ्या नाहीत, विधाते मॅडमच्या आहेत. एवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडून हवं होतं. मार्चमध्ये पर्यवेक्षणाला उभी असताना पाकीट फोडलं, पेपर वाटले, आणि तीन ब मला माझ्याच शब्दांत दिसला. त्या दिवशी मी रिक्षा केली नाही, पंचवटीतून मखमलाबादपर्यंत चालत गेले आणि मला दमायला झालं नाही.

कोणत्या उत्तराला किती मार्क द्यायचे ते ठरवायला तपासणीच्या आधी आम्हा मॉडरेटरांची बैठक झाली. माझ्या हाताखाली सहा मॉडरेटर, त्यातला एक जीवन सर. कॉलेजची नोकरी त्यानं सोडली नव्हती. केस काळे केलेले, बोटात पुष्कराज.

"तीन बला वन-ब्युटीन लिहिलं तर एक मार्क द्यावा, मॅडम," तो म्हणाला. "एलिमिनेशन ओळखलंय, फक्त बाजू चुकली. ग्रामीण भागातली पोरं असतात."

"बाजू चुकली म्हणजे सगळंच चुकलं, सर."

"पोरांचं नुकसान होईल हो."

"चूक ती चूक. केमिस्ट्रीत अर्धी चूक असते हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

बाकीचे हसले. तो हसला नाही. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला आणि मग कागद पुढे सरकवला. घाबरला, मला वाटलं. त्यानं आता पान एकसष्ट उघडून बघितलं असणार आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली असणार, असं मी धरून चालले आणि त्या आनंदात तीन आठवडे काढले. रोज सकाळी मी गठ्ठे सोडायची तेव्हा मला भूक लागल्यासारखं व्हायचं. शून्य दिसलं की बरं वाटायचं. निफाडकडून आलेले गोरक्ष बोराडे म्हणून एक तरुण परीक्षक होते, ते एकदा अख्खा गठ्ठाच घेऊन व्यासपीठावर आले. "मॅडम, या सगळ्या पोरांनी एकच चूक केलीय. तो गोल पण सगळ्यांनी सारखाच काढलाय. काय करू?" "शून्य," मी म्हणाले. "सगळ्यांनाच?" "सगळ्यांनाच." ते उभेच राहिले. "बाकी पेपर चांगले लिहिलेत हो पोरांनी," म्हणाले आणि गेले. काही गठ्ठ्यांत फास पानापानावर होता आणि काही गठ्ठ्यांत औषधालासुद्धा नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. फास काढणाऱ्यांचं इंग्रजी तुटकं होतं, स्पेलिंगं चुकलेली होती. त्याच्या क्लासला हल्ली कसलीही पोरं येत असतील, मला वाटलं, हुशार पोरांचे गठ्ठे यायचे असतील अजून.

शेवटच्या दिवशी सकाळी मी कॉलेजात सही करायला गेले तेव्हा प्रयोगशाळेत सावळीराम होते. आमचे प्रयोगशाळा परिचर, मूळचे पेठकडचे, नळाखाली परीक्षानळ्या धूत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, कोपऱ्यातली नायलॉनची पिशवी आणली आणि ती टेबलावर न ठेवता हातातच धरून उभे राहिले.

"मॅडम, एक इच्यारायचं व्हतं. रागवणार नाय ना?"

"बोला की."

"आमच्या सुवर्णानं यंदा बारावी दिली. पेठला, आजीकडं राहून. तिकडं केमिस्ट्रीला सरच नाय वरीसभर. मंग मी ह्या आणून दिल्या व्हत्या तिला." त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा एक जाडजूड गठ्ठा काढला, सुतळीनं बांधलेला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स असावी. कडा काळ्या पडलेल्या, वरचं पान फाटलेलं. खालच्या पानावर माझं अक्षर होतं.

"कुठून आणल्या?" मी विचारलं.

"ष्टँडाजवळ झेरॉक्सवाला इकतो. पेठ, सुरगाणा, निफाड, सगळीकडची पोरं तिथूनच नेत्यात. जीवन सरांच्या क्लासात आता ह्या नाय चालत. त्यांचं छापील पुस्तक हाय, चार वर्सं झाली. ते भायेरच्याला भेटत नाय. ह्या जुन्या."

नळ चालूच होता. गठ्ठ्यांचं गणित मला तिथे उभ्या उभ्या सुटलं. पेठ, सुरगाणा, निफाड. म्हणून काही गठ्ठ्यांत पानापानावर आणि काहींत औषधालाही नाही. जे क्लासला जाऊ शकत होते त्यांना फास पडलाच नव्हता.

"मला का नाही विचारलं, सावळीराम? मी शिकवलं असतं तिला."

"तुमाला कशाला तरास? आणि ह्या तुमच्याच हायेत की. मी बघितल्या आणि झेरॉक्सवाल्याला बोललो, नाव कोणाचंबी असू दे, ह्या आमच्या मॅडमनी लिवल्यात. बाटल्यांवरच्या तुमच्या हातच्या चिठ्ठ्या रोज वाचतो मी, मला नाय कळणार? तुमच्या म्हनून घेतल्या. दुसऱ्या कोणाच्या असत्या तं नसत्या घेतल्या."

नऊ वर्षं मी जे ऐकायला थांबले होते ते हेच वाक्य होतं, आणि ते एका बस स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्यासमोर माझ्या पाठीमागे बोलून झालं होतं. मी वळून चालू राहिलेला नळ बंद केला. त्यांना वाटलं मी रागावले, म्हणून ते घाईनं पानं उलटू लागले.

"तो एक प्रश्न व्हता म्हने, दोन मार्काचा. तिनं आधी पुस्तकातलं लिवलं व्हतं. मंग तिला ह्ये पान आठावलं. मॅडमनी येगळं लिवलंय म्हनून पुस्तकातलं खोडलं आणि ह्ये लिवलं. पेपर झाल्यापून तिचं मन खातंय. डाक्टरकीला बसायचंय ना तिला, एकेक मार्क मोजतीय. बरोबर हाय ना ह्ये?"

त्यांचं ओलं बोट पान एकसष्टवर होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

का म्हणाले ते मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. त्यांना दुखवायचं नव्हतं, असं मी काही दिवस स्वतःला सांगून बघितलं. ते खोटं आहे. ज्या एकट्या माणसानं त्या नोट्स माझ्या म्हणून ओळखल्या होत्या, त्याच्या तोंडावर मला त्या चुकीच्या आहेत असं म्हणायचं नव्हतं. सावळीरामांचा चेहरा मोकळा झाला. सुवर्णाला मी एकदाच बघितलं होतं, ती बाराएक वर्षांची असताना, याच टेबलाशी ती लिटमसचा कागद लिंबाच्या फोडीवर टेकवत बसली होती आणि तो लाल झाला की दर वेळी बापाला हाक मारत होती.

हॉलवर जाईपर्यंत माझं ठरलं होतं. चार वाजता मला अंतिम पत्रकावर सही करायची होती, तोवर सगळ्या उत्तरपत्रिका जागेवरच होत्या. एक ओळ लिहायची, तीन बमध्ये वन-ब्युटीनला एक मार्क द्यावा. चाळीस परीक्षक, दोन तासांचं काम. मी ती ओळ एका चिठ्ठीवर लिहिलीसुद्धा. पण गोरक्ष बोराडेंना हाक मारायच्या ऐवजी मी चिठ्ठी पॅडखाली सरकवली. जेवणाच्या सुट्टीनंतर देऊ म्हटलं. सुट्टी संपली, म्हटलं चहानंतर. एका मार्कानं सुवर्णाचं काम होईल की नाही कुणास ठाऊक, असंही म्हणून बघितलं. खरं हे की राग कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं. नऊ वर्षं तो एका माणसावर रोखून धरला होता आणि तो माणूस चार वर्षांपूर्वीच बाजूला सरकला होता. मी मूर्ख ठरले होते, आणि मूर्ख ठरल्याची चीड पोरांची कीव येण्यापेक्षा मोठी होती. चहाचे दोन कप घेऊन जीवन सर स्वतःच व्यासपीठावर आला. एक माझ्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून बसला.

"अजून वेळ आहे, मॅडम. तीन ब," तो हळू आवाजात म्हणाला. "ते पान मी चौऱ्याण्णवला बघितलं. नोट्स कॉम्प्युटरवर घ्यायला दिल्या तेव्हा टाइप करणाऱ्या मुलीनंच दाखवलं, बी.एस्सी. होती ती. नव्या पुस्तकात दुरुस्त करून टाकलं. माझ्या मुलांचं काही जाणार नाही. जुन्या बाहेर फिरतात, त्याला मी काय करू? पेपर कुणी काढला असणार ते मला प्रश्न बघूनच कळलं. देऊन टाका एक मार्क. मी कुणाला काही बोलणार नाही."

"चूक कुणाची होती, सर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पान एकसष्टवरची. कुणाची होती?"

"तुमचीच की. दुसऱ्या कुणाची असणार?"

शेवटी बोलला तो. हॉलमध्ये चाळीस माणसं होती आणि एकाचंही लक्ष नव्हतं. कुणी पेपर बांधत होतं, कुणी लाखेची कांडी वितळवत होतं.

"जरा मोठ्यानं बोला ना," मी म्हणाले.

तो हसला. "चहा गार होतोय," म्हणाला आणि उठला. जाता जाता त्यानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकेच हात टेकवला, मोठ्या भावानं समजूत घालावी तसा, आणि तो हात निघून गेल्यावरही मला तिथे जाणवत राहिला. एक मार्क देऊन टाका. आता मी तो दिला असता तर तो त्याच्या सांगण्यावरून दिला असता. त्यानं कुणाला काही न बोलण्याच्या बदल्यात दिला असता. पॅडखालची चिठ्ठी मी काढली, वाचली, आणि मला सुवर्णा आठवली. लिंबाची फोड, तिचं हाक मारणं, सगळं नीट आठवलं. मग मी चिठ्ठी चहात बुडवली. शाई पसरली, कागद मऊ पडला. पत्रक ओढून घेतलं आणि आहे तसं, तीन बला काही न बदलता, मी सही केली. चारला दहा मिनिटं होती. गोरक्ष बोराडे पत्रक न्यायला आले तेव्हा त्यांनी तीन बची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी किल्ल्या द्यायला कॉलेजात गेले तर सावळीराम फाटकापाशीच थांबलेले. सकाळचीच पिशवी हातात. पोरीला त्यांनी फोन केला होता, शेजारच्या दुकानात, मॅडम बोलल्या बरोबर हाय म्हणून. लय खूश झाली, म्हणाले.

"आता एक काम हाय मॅडम. ह्या पुढं भावाच्या पोराला देणार मी, लखनला. तोबी बारावीलाच जातोय. वरचं पान फाटलंय आणि आत कुठं तुमचं नाव नाय. तेवढं लिवून द्या."

त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे धरला, पेनही स्वतःचंच दिलं, टोपण काढून. पहिल्या पानाच्या वर दोन बोटं जागा कोरी होती. तेव्हा तरी म्हणता आलं असतं की थांबा सावळीराम, एकसष्टावं पान काढा. एका ओळीचं काम होतं. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. इतकं बरं की माझे डोळे भरून आले आणि त्यांना ते दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली. गठ्ठा फाटकाच्या खांबावर टेकवून मी नाव लिहिलं. त्यांनी तो परत घेतला, दिव्याखाली नेला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"आशा कोंडाजी विधाते," ते म्हणाले. "हां. आता कोणी इच्यारलं तं सांगता येईल."